करारात धुळीचं कलम कुठाय? पुण्यातल्या सोसायट्यांच्या अध्यक्ष-सचिवांना खुलं पत्र

स. न. वि. वि.

हे पत्र कुठल्या एका सोसायटीला नाही. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर, बिबवेवाडी, औंध, जिथे जिथे जुन्या तीन मजली इमारतींच्या कंपाउंडवर सध्या बिल्डरांचे फलक लागलेत, त्या सगळ्यांच्या कार्यकारिणीला आहे. पुनर्विकासाचा विषय ज्यांच्या सभेत अजून यायचाय त्यांनी तर जरूर वाचावं. ज्यांच्या सह्या होऊन गेल्या त्यांच्यासाठीही शेवटी थोडं आहे.

मी तुमच्यातलीच. बारा बिऱ्हाडांच्या, १९८४ साली बांधलेल्या आमच्या इमारतीची मी सहा वर्षं सचिव होते. सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालची पुनर्विकासाची सगळी प्रक्रिया, विशेष सर्वसाधारण सभा, उपनिबंधकांच्या प्रतिनिधीसमोर बिल्डरची निवड, कराराची नोंदणी, हे सगळं पार पाडलंय. पीएमसी म्हणजे महापालिका एवढंच मला ठाऊक होतं. प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट नावाचीही एक पीएमसी असते, हे पन्नाशीत कळलं.

करारनामा एकशे चार पानांचा झाला. कुठलं कलम कुठल्या पानावर आहे हे मला आजही पाठ आहे. जादा कार्पेट किती, कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळणारा निधी किती, भाडं दर वर्षी किती टक्क्यांनी वाढणार, सामान हलवायचा खर्च कोणाचा. लिफ्ट कोणत्या कंपनीची यावर दोन रविवार गेले. ओट्याला काळा ग्रॅनाइट की क्वार्ट्झ यावरून एक ज्येष्ठ सभासद सभात्याग करून जिन्यात जाऊन उभे राहिले. त्या एकशे चार पानांत ‘धूळ’ हा शब्द एकदाही नाही. पानोपानी सही माझी आहे.

मार्चमध्ये पोकलेन आला. आधी भंगारवाल्यानं दारं, खिडक्या, ग्रिल काढून नेलं, मग उरलेला सांगाडा वरून खाली फोडत आणला. चार दिवसांत इमारत गेली. हिरवी जाळी होती, पण दोनच बाजूंना आणि तीही जेमतेम पहिल्या मजल्यापर्यंत. पाणी मारायला एक पोरगा होता, अर्ध्या इंची पाइप घेऊन. कुंडीला पाणी घालावं तसा तो ढिगाऱ्याच्या एका कोपऱ्यावर धार धरून उभा असायचा आणि ब्रेकर दुसऱ्या टोकाला चाललेला असायचा.

तिसऱ्या दिवशी पलीकडच्या इमारतीतल्या काकू परात घेऊन खाली आल्या. साबुदाण्याच्या पापड्या होत्या. गच्चीवर प्लास्टिकच्या कागदावर घातलेल्या, वरून जुनी सुती साडी पांघरलेली. साडीतून झिरपून त्यांच्यावर राखाडी थर बसला होता. एक पापडी उचलून त्यांनी बोटानं पुसली, खालून पांढरी निघाली. बोलल्या काहीच नाहीत. परात माझ्या हातात ठेवली आणि गेल्या. ती परत करायला जायचं धाडस गोळा करायला मला आठ दिवस लागले.

आता यातली लाज अशी की माझा पोटापाण्याचा धंदाच फुंकर मोजण्याचा. एका रुग्णालयात मी पीएफटी करते, म्हणजे फुप्फुसाची चाचणी. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. खोल श्वास घ्या, आणि सोडा, जोरात, अजून, अजून, थांबू नका! दिवसातून पंधरा-वीस वेळा ओरडून माझाच घसा बसतो. छातीतून फुंकून टाकलेल्या एकूण हवेपैकी साधारण तीन-चतुर्थांश हवा निरोगी माणूस पहिल्याच सेकंदात बाहेर टाकतो. हा वाटा ७० टक्क्यांच्या खाली गेला, आणि पंपाचं औषध देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं तरी वर आला नाही, तर डॉक्टर सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणाऱ्या आजाराच्या दिशेनं विचार करतात. औषधानं चांगला वर आला तर दम्याच्या. पडद्यावरची रेघ शिखरावरून सरळ उतरायला हवी. श्वासनळ्या आकसलेल्या माणसाची रेघ मधेच आत पडते, झोळीसारखी.

काकूंना मीच चाचणीला घेऊन गेले. लहानपणापासूनचा दमा, पण कित्येक वर्षं गप्प होता. रेघ झोळीसारखी आली, औषधानंतर बरीचशी सुधारली. धुळीनंच उसळला असं कोणी लिहून देत नाही, आणि देऊही नये. दमा उसळायला थंडी, परागकण, साधी सर्दी, काहीही पुरतं. पण चाचणी संपल्यावर नळी कचऱ्याच्या डब्यात टाकताना काकूंनी विचारलं, “तुमचं बांधकाम अजून किती दिवस?” त्याचं उत्तर मला पाठ होतं. कलम अकरा, छत्तीस महिने, अधिक सहा महिन्यांची सवलत.

शहराच्या हवेबद्दल पेपरात रोज काहीतरी येतं, म्हणून ते थोडक्यात. पुणे टेकड्यांच्या वाटीत बसलंय. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण, त्यामुळे रात्रभराचा धूर आणि धूळ वाटीतच घुटमळते. टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना तो करडा पट्टा रोज दिसतो, काहीजण त्याला अजून धुकं म्हणतात. २०१९ साली केंद्रानं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आणला, त्यातल्या शहरांच्या यादीत पुणे आहे. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची ‘सफर’ सेवा पुण्यात २०१३ पासून हवेचा अंदाज देते. मोबाइलवर हिरवा-पिवळा आकडा बघून आपण खिडकी उघडायची की नाही ते ठरवतो.

पण त्या रंगाचा अर्थ नीट बघा. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. माणसाचा केस साधारण ६०-७० मायक्रॉनचा, म्हणजे हा कण त्याच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहून लहान. आपल्याकडे हे कण दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असले तरी हवेला ‘समाधानकारक’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये २४ तासांसाठी घालून दिलेली मर्यादा १५ आहे. वर्षाच्या सरासरीचं म्हणाल तर आपली मर्यादा ४०, त्यांची ५. आपलं समाधान त्यांच्या चौपट-आठपट हवेत होतं. जाडी धूळ, दहा मायक्रॉनच्या आसपासची, बरीचशी नाकात, घशात आणि वरच्या नळ्यांत अडकते. तिथेच ती खोकला आणि दमा चेतवते. बारीक कण थेट फुप्फुसाच्या फुग्यांत उतरतात, अतिबारीक असतील ते रक्तातही जातात, आणि मग प्रश्न छातीपुरता राहत नाही, हृदयविकार आणि पक्षाघातापर्यंत पोचतो. बाहेरच्या प्रदूषित हवेला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१३ मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे खात्रीनं कर्करोग करणाऱ्यांच्या गटात टाकलं. डिझेलचा धूर त्या गटात एक वर्ष आधीच गेला होता. स्कूटरवर डोळ्यांपुरती फट ठेवून स्कार्फ गुंडाळायची आपली पुणेरी पद्धत उन्हाला आणि जाड्या धुळीला ठीक. बारीक कणांना सुती कापड म्हणजे उघडं फाटक.

आणि ‘सफर’चं यंत्र सांगतं ते त्या भागाच्या हवेचं. तुमच्या गल्लीत पोकलेन चाललाय, वॉचमन टायर पेटवतोय किंवा जनरेटरचा धुराडा शेजारच्या बाळंतिणीच्या खिडकीकडे वळवलाय, हे त्याला कळायचं कारण नाही. ती शे-दोनशे फुटांतली हवा तुमच्या हातात आहे. महापालिका आयुक्तांना, प्रदूषण नियंत्रण मंडळाला पत्रं लिहिणारे पुण्यात पुष्कळ आहेत आणि त्यांनी लिहीत राहावं. मी तुम्हाला लिहितेय, कारण करारावर सही तुमची असते.

नियम नाहीत असं नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची जानेवारी २०१८ ची अधिसूचना आहे, हवेची मर्यादा ओलांडणाऱ्या शहरांतल्या बांधकामांसाठी. धूळ रोखायची सोय केल्याशिवाय खोदाई नाही. माती, वाळू, राडारोडा उघडा ठेवायचा नाही. इमारतीच्या उंचीच्या एक-तृतीयांश उंचीचा, जास्तीत जास्त दहा मीटरचा, वारा अडवणारा आडोसा. उघड्यावर दगड-फरशी कापायला बंदी. माल झाकल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. आणि धुळीसाठी काय काय केलंय ते लोकांना दिसेल असं फलकावर लिहून साइटवर लावायचं. तुमच्या गल्लीतल्या साइटवर जाऊन बघा. फ्लॅट बुकिंगचा नंबर मोठ्या अक्षरात दिसेल. धुळीचा फलक दिसला तर मलाही कळवा, मी बघायला येईन. मुंबईत महापालिकेनं २०२३ च्या ऑक्टोबरात स्वतंत्र नियमावली काढली, सत्तर मीटरहून उंच इमारतीभोवती किमान पस्तीस फुटी पत्रे लावायला लावले. पण नियम आणि साइट यांच्यात एक निरीक्षक लागतो, आणि शहरातल्या प्रत्येक पोकलेनमागे एक निरीक्षक कुठून आणणार? करारातलं कलम मात्र बिल्डरला स्वतःच्या खिशासारखं कळतं, कारण त्याला बँक गॅरंटी जोडलेली असते.

म्हणून कलम कसं असावं ते सांगते. आमच्या चुकीवरून शिकून एका वकिलीणबाईंच्या मदतीनं मी मसुदा केलाय. पाडकामाच्या आठ दिवस आधी चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना लेखी कळवायचं, म्हणजे वाळवणं आणि आजारी माणसं दोन्हींची सोय लोकांना करता येते. आडोसा चारही बाजूंनी, पाडकाम सुरू होण्याआधी. पाणी पाइपच्या धारेनं नाही, फवाऱ्यानं, आणि ब्रेकर जिथे चालतोय तिथे. ते पिण्याचं नको, सांडपाणी प्रक्रिया केंद्रातलं चालतं. डंपर फाटकातून बाहेर पडायच्या आधी चाकं धुवायची. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण गल्लीभर जी माती पसरते, वाळते आणि पुढे सहा महिने रिक्षांच्या चाकांखाली उडत राहते, ती या चाकांनीच आणलेली असते. राडारोडा कुठल्या केंद्रावर गेला त्याची पावती दर आठवड्याला सोसायटीकडे. नाहीतर तुमच्या आजीच्या खोलीच्या विटा रातोरात मुठेच्या पात्रात गेलेल्या असतात. फरशी कापायची ती बंद खोलीत आणि पाण्याखाली. जनरेटर २०२३ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या मानकाचाच, आणि धुराडा कोणाच्याही खिडकीसमोर नको.

फरशीच्या कटरवर मी मुद्दाम अडून राहते. काँक्रीट, ग्रॅनाइट, कोटा कोरडं कापताना जी पिठासारखी भुकटी उडते तिच्यात सिलिका असते. ती फुप्फुसात बसत राहिली की सिलिकोसिस होतो, आणि फुप्फुसाला पडलेले ते वण कुठल्याही औषधानं जात नाहीत. आपण गॅलरीचं दार लावून घेतो. कटर धरणारा माणूस त्या ढगाच्या आत, तोंडाला गमछा बांधून, दिवसाचे आठ-दहा तास. त्याची बायको-मुलं साइटवरच्याच पत्र्याच्या खोलीत, आणि स्वयंपाक शटरिंगच्या फळकुटांच्या चुलीवर. तान्हं मूल मिनिटाला तीस ते साठ श्वास घेतं, आपण बारा ते वीस. या घरांना पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि माणसांना एन-९५ मास्क देण्याचा खर्च कलमात टाका. तुमच्या क्वार्ट्झच्या ओट्याच्या हिशेबात तो दिसणारही नाही.

आणि या कलमाचा खरा दात दंडात आहे. नियम मोडला त्या प्रत्येक दिवसाचा दंड, बँक गॅरंटीतून वळता, आणि तो आपल्या सोसायटीला नाही, शेजारच्या सोसायटीला. आमच्या व्हॉट्सॲप गटावर हे टाकलं तेव्हा “आपले पैसे त्यांना का?” अशी विचारणा झाली. कारण धूळ त्यांनी खाल्ली. दंड आपल्याच खात्यात आला तर चार महिन्यांत आपणच म्हणू, उडू दे, कॉर्पस वाढतोय.

बिल्डर पळून जाईल ही भीती मला माहीत आहे, मीही ती बाळगून होते. त्यानं लिफ्टची कंपनी तीनदा बदलून दिली, पळाला नाही. पाडकामाआधी चार बाजूंना पत्रे ठोकायला सांगितल्यावर पळणारा असेल तर तो छत्तीस महिने कसा टिकणार होता, हाही विचार करा.

दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे. खरं प्रदूषण गाड्यांचं, कर्वे रस्त्यावर तासभर उभं राहा आणि मग आमच्या साइटबद्दल बोला. अगदी कबूल. साइटची धूळ बहुतांशी जाडी, गाड्यांचा धूर बारीक आणि जास्त घातकी. पण कर्वे रस्ता तुमच्या सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर येत नाही, साइट येते. शिवाय सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटच्या २०२४ च्या अहवालानुसार देशभरात स्वच्छ हवेसाठी मिळालेल्या पैशांतले ६४ टक्के रस्त्यावरच्या धुळीवरच खर्च झाले, म्हणजे झाडायच्या मशीन, पाणी मारायच्या गाड्या वगैरे. ती धूळ रस्त्यावर आणणारे आपण, मग आपल्याच करातून ती झाडून घेणार.

ज्यांच्याकडे पुनर्विकास नाही तेही सुटत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्षावृक्षाचा, बदामाचा पालापाचोळा पडतो आणि सकाळी साडेसहाला कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी तो पेटतो. हा धूर बारीक कणांचा, गाडीच्या धुराचा भाऊच. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये कचरा जाळण्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे, पण तो भीतीपुरता राहू दे. पाचोळा हवा असलेले लोक याच शहरात आहेत. ‘ब्राउन लीफ’ हे जाळं त्यासाठी पुण्यातच उभं राहिलं, गच्चीवर बाग करणारे पोती भरून घेऊन जातात. झाडणाऱ्या बाईंना रागवू नका, पोती कुठे ठेवायची ते सांगा. वॉचमनच्या शेकोटीचंही तेच. डिसेंबरच्या रात्री तो थर्माकोल आणि प्लास्टिक पेटवतो तो हौसेनं नाही. एक जाड स्वेटर, एक घोंगडी, केबिनमध्ये एक छोटा हीटर, आणि डासांच्या कॉइलऐवजी खिडकीला जाळी.

दिवाळीच्या सूचनेत एक ओळ नागगोळीसाठी राखून ठेवा. पुण्याच्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशननं विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांबरोबर फटाक्यांचा धूर मोजला होता. नागगोळी पेटली तेव्हा पीएम २.५ घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत गेलं, हजाराची माळ तिच्या मागे, ३८,५४० वर. आवाज नाही म्हणून आपण ती सगळ्यात लहान मुलाच्या हातात देतो, आणि ते वाकून बघतं.

आता सह्या होऊन गेलेल्यांसाठी. पुरवणी करार करता येतो. आमचं पाडकाम होऊन गेलं, पण चाळीसेक महिन्यांचं बांधकाम पुढे आहे, फरशीचं सगळं काम अजून यायचंय. बिल्डरला एका मजल्याच्या नकाशात बदल हवाय, त्यासाठी त्याला आमची संमती लागणार. ती देताना हा मसुदा समोर ठेवायचं आम्ही ठरवलंय. मी आता सचिव नाही, पण ठराव मांडायला सभासद असणं पुरतं. तोवर आम्ही इथून दोन गल्ल्या सोडून भाड्यानं राहतोय, आणि आमच्या समोरच्या इमारतीवर गेल्या आठवड्यात फलक लागला. भंगारवाला खिडक्या मोजून गेला. त्यांच्या सचिवांना मी परवा जिन्यात गाठलं, कलमाची प्रत दिली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही पानं उभ्यानं वाचली आणि म्हणाले, बघतो, पण आमच्याकडे अजून पार्किंगचंच मिटलेलं नाही.

तर तुम्हाला एक व्यवहारातली सूचना. मसुदा दोन पानांचा आहे, मागेल त्याला देईन. सभेच्या विषयपत्रिकेवर तो पार्किंगच्या आधी घ्या. पार्किंगनंतर सभेत कोणी उरत नाही.

आपली,
एका सोसायटीची माजी सचिव
कोथरूड, पुणे